हात काढायचा नाही

८ जानेवारी १९७३
"माल धरेपर्यंत हात काढायचा नाही." मी नऊ वर्षांची असताना वडील म्हणाले होते. ते गवंडी, पारनेरला एका विहिरीच्या कठड्याचं काम होतं. त्यांनी चुन्याच्या ओल्या मालावर दगड ओळंब्यात बसवला, माझा तळवा त्यावर टेकवला आणि विडी ओढायला गेले. आज एसटीतून उतरताना ते वाक्य का आठवलं, कुणास ठाऊक.

इस्पितळानं नर्सला दिलेली खोली छान आहे. खिडकीशी पेरूचं झाड, पलीकडे कोरडा पाट. इस्पितळातली जुनी आया छबूबाई चहा घेऊन आली आणि दारातच सगळी चौकशी करून गेली. एकटीच का, वय किती, सांधे दुखतात का. त्रेचाळीस, म्हटलं, आणि दुखत नाहीत. "दुखतील," म्हणाली, "हितली हवाच तशी हाय." खूप दिवसांनी हसले.

११ जानेवारी
डॉ. रणभिसे विलायतेहून खुब्याचं नवं ऑपरेशन शिकून आलेत. झिजलेलं हाड कापायचं, मांडीच्या हाडाची पोकळी साफ करायची, तीत सिमेंट भरून पोलादी दांडा उतरवायचा. पावडरीत औषध कालवलं की कणकेसारखा गोळा होतो. वास असा उग्र की डोळ्यांत पाणी येतं. दांडा हाडाच्या बरोबर मधोमध, सरळ बसायला हवा. आत कलला तर सगळा भार एका बाजूला येतो आणि पुढे दांडा सैल होतो.

दहा मिनिटांत सिमेंटचा दगड होतो. तोवर डॉक्टर कडेनं वर आलेलं सिमेंट काढतात, आणि दांडा मी दाबून धरायचा. उरलेला गोळा डाव्या मुठीत ठेवायचा. तो आधी तापतो, मग कडक होतो, तेव्हा आतलंही झालं असं धरायचं. मी वडिलांचं वाक्य सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मग तुम्हाला शिकवायला नको.

१८ जानेवारी
पहिली रोगी आली, आक्काबाई. पंचावन्नची असेल. सात वर्षं भिंत धरून चालते. नवरा भिमाजी खडी फोडायच्या कामावरून खाडा करून आलाय. बाई तोंडाची खट. "ह्यांना बायको लंगडीच बरी," म्हणाली, "पळून जायची भीती न्हाई." भिमाजी खाली बघून हसला. मला जवळ बोलावून तिनं विचारलं, विहिरीपर्यंत जाता येईल ना? सुनेनं आणलेलं पाणी मोजून प्यावं लागतं म्हणे. मी म्हटलं, येईल.

१९ जानेवारी
हे इथंच लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी दांडा उतरला. सरळ, ओळंब्यात. मी दाबून धरला. मुठीतला गोळा नुकता कोमट होत होता. तेवढ्यात समोर उभ्या कंपाउंडर मच्छिंद्ररावांच्या हातून जखम उघडी धरायचा हूक घसरला आणि तो सावरायला माझा उजवा हात गेला. क्षणभरच. परत टेकवला तेव्हा दांडा तांदळाच्या दाण्याएवढा आत कलला होता.

डॉक्टरांनी वर न बघता विचारलं, हललं का? तेव्हा सिमेंट मऊ होतं. दांडा काढून पुन्हा बसवता आला असता.

मी नाही म्हटलं.

२१ जानेवारी
एक्स-रेचा फोटो आला. दांडा थोडा आत आहे. डॉक्टर म्हणाले, चालेल, माझाच हात चुकला असेल. मी फोटो पाकिटात घालून ठेवला.

आक्काबाईनं तो उरलेला, दगड झालेला गोळा मागून घेतला आणि पदराच्या गाठीत बांधला. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते, माझ्या मांडीत ह्योच माल हाय म्हणून.

३० जानेवारी
तिला चालवलं. आठ पावलं टाकली आणि ओरडली. म्हणाली, "बाई, आतलं आजून वलं हाय." मी समजावलं, आक्का, ते दहा मिनिटांत दगड होतं. तिनं गाठ सोडून गोळा माझ्या हातावर ठेवला.

मऊ होता. माझ्या अंगठ्याचा ठसा त्यावर उमटला.

२ फेब्रुवारी
दुसरा फोटो. दांडा आणखी कलला आहे. डॉक्टर म्हणतात, पाय वाकडा ठेवून फोटो काढला असेल. पाय मीच सरळ धरला होता.

वॉर्डात त्या सिमेंटचा वास येतो. छबूबाईला विचारलं. तिला येत नाही.

६ फेब्रुवारी
रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी तिची मांडी तापते. अंगात ताप नाही, फक्त तेवढीच जागा. आज मी तिथं तळवा टेकवला तर तिचं कण्हणं थांबलं. म्हणाली, "तुमी हात ठिवला की बरं वाटतंय." हाताखाली काहीतरी सावकाश सरळ झालं.

दहा मिनिटांनी काढला. ती किंचाळली.

९ फेब्रुवारी
आज दोन तास धरला. जेवले नाही.

१२ फेब्रुवारी
डॉक्टरांना सगळं सांगितलं. हलला होता. मी खोटं बोलले. त्यांनी दोन्ही फोटो पुन्हा उजेडात धरले. मग म्हणाले, पुन्हा उघडावं लागेल, पुण्याला.

आक्काबाई नको म्हणाली. "मला फाडू नगा. ही बाई हाय की धरायला." आणि माझ्याकडे बघून हसली. तिला ठाऊक होतं. मी सांगायच्या आधीपासून—

१४ फेब्रुवारी
डाव्या हातानं लिहिते. उजवा तिच्या मांडीवर. कालपासून. काढला की आत काहीतरी सरकतं, ऐकू येतं. भिमाजी पायाशी बसलाय. म्हणतो, बाई, तुमचे लई उपकार. मी त्याला—

१५ फेब्रुवारी
आक्काबाई गेली. सकाळी, अकरा वाजून दहा—

कपाळ थंड. हात थंड. हाताखालची जागा गरम आहे. अजून तापतेय.

डॉक्टर म्हणाले, सिस्टर, सोडा आता. मच्छिंद्ररावांनी मनगट धरून ओढलं. चादरीखाली तिचा पाय हलला. सगळ्यांनी पाहिलं. मग कुणी ओढलं नाही.

भिमाजी बैलगाडी घेऊन दारात उभा. न्यायला आलाय.

गोळा पदरातून काढून उशाशी ठेवलाय. नखानं दाबला. मऊ. माझ्या ठशाशेजारी दुसरा ठसा. तिचा नाही, तिचा अंगठा मी बघितला. हा ठसा रुंद आहे, एका बाजूला चिरलेला. वडिलांचा असाच—

आक्काबाई, विहिरीपर्यंत नाही नेलं तुम्हाला. माझी चूक. लिहून देते, सगळ्यांसमोर वाचते. एवढंच विचारते. नाही म्हणाल, माहीत आहे मला. आता तरी हात काढू—