माफीचा अर्धा मेसेज

अहो,

मी माहेरी भोकरदनला जाऊन राह्यले. वरण-भात झाकून ठेवलाय. मम्मीजी दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत, तर दुकानातून जल्दी येऊन त्यांना वाढा.

काल तुम्ही मम्मीजींसमोर तुमच्या फोनवरचा मेसेज दाखवून मला विचारलं, "त्या हर्षची कशाची माफी मागून राह्यलीस?" माझ्या फोनमधे येणारे-जाणारे मेसेज आणि मी कुठं आहे ते बघायचं अ‍ॅप तुम्ही न सांगता टाकलंय, हे मला तेव्हा कळलं.

आज सकाळी मी तो मेसेज काढून बघितला. अ‍ॅपनं तुम्हाला तो अर्धाच दाखवला आणि तारीख परवाची लावली. मेसेज पर्युषणातल्या संवत्सरीचा आहे, दोन महिन्यांपूर्वीचा. खाली 'मिच्छामि दुक्कडम्' लिहिलंय, तेवढंच अ‍ॅपनं गाळलं. त्या दिवशी आपण सगळ्यांचीच माफी मागतो, तुम्हीबी मागता. हर्ष माझ्या वर्गात होता, नंबर होता म्हणून त्याला गेला. तसाच तुमच्या आत्याबाईंना गेला, गॅसवाल्यालाबी गेला.

काल अ‍ॅपचं सगळं खरं वाटून राह्यलं होतं तुम्हाला, मंग माझं कोण ऐकणार?

फोन टीव्हीजवळ ठेवलाय. अ‍ॅपमधे बघाल तर मी घरीच दिसंन.

तो मेसेज सगळ्यात आधी मी तुम्हाला पाठवला होता. पूर्ण वाचायचा असंल तर तुमच्याच फोनमधे आहे. तुम्ही अजून उघडलेला न्हाई.

कनिका