माजी आमदार जबाब घेतात

तीर्थरूप सहदेवकाका यांना गंधालीचा नमस्कार. (साष्टांग घालायचा होता, पण पाठीमुळे डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे.) जयंतीकाकूचा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही इथे बरे आहोत. हे वाक्य मी तपासून लिहिलेलं नाही. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र.

बाबा निवडणूक हरले त्याला सात महिने झाले. (नऊ हजार एकशे बारा मतांनी, ते स्वतः "थोडक्यात" म्हणतात.) तरी रोज सकाळी बरोबर दहाला ते घाटकोपरच्या त्या गाळ्यात जाऊन बसतात आणि एकला कुलूप लावतात. आमदार असताना तिथे केवढी रांग असायची, ते तुम्ही पाहिलं आहे. एकतीस वर्षं पोलिसात काढलेला माणूस. नळाला पाणी नाही म्हणून कोणी आलं, तर समोर बसवून त्याचा जबाब लिहून घ्यायचे. पाणी शेवटचं कधी पाहिलंत, तेव्हा सोबत कोण होतं, कोणावर संशय आहे का. मग सगळं वाचून दाखवायचं आणि खाली सही. बायका म्हणायच्या, "साहेब, आम्ही पाणी मागायला आलोय, चोरून नाही नेलेलं." पण पाणी यायचं, हेही खरं आहे. तो जबाब घेऊन बाबा पालिकेच्या इंजिनिअरसमोर नुसते बसून राहायचे, आणि तो (काही केलेलं नसलं तरी) घामाघूम व्हायचा.

काकू जिथे पापड वाळवायची, त्या तुमच्या गच्चीवरच्या शेडचंही असंच झालं. तुमच्याच सोसायटीतून तक्रार आली, बाबांनी जबाब घेतला आणि बेकायदा बांधकामांच्या यादीत पहिलं नाव सख्ख्या भावाचं घातलं. आई म्हणाली, "अहो, निदान तिसरं तरी घाला." ते म्हणाले, "ज्या क्रमाने कळलं त्या क्रमाने." पालिकेने शेड पाडली. यादीतल्या बाकीच्या घरांनी, आणि त्यांच्या नातेवाइकांनी, काय केलं ते मतमोजणीत दिसलं. तुम्ही काय केलंत ते मी विचारत नाही.

आता तिथे कोणी येत नाही. बाबा कोऱ्या कागदावर तारीख घालतात, समास आखतात आणि वाट बघतात. घरी आल्यावर आई विचारते, कोणी आलं होतं का. "आज तसं शांत होतं," म्हणतात. (पोलिसाच्या तोंडी ही खरं तर चांगली बातमी.)

काकूला सांगा, गुडघा शेकताना पिशवी टॉवेलात गुंडाळून घे.

तुमची,
गंधाली

ता. क. गुरुवारी अकराला त्या गाळ्यात एखादी तक्रार घेऊन जाल का? रस्त्यावरचा दिवा, गटार, काहीही चालेल. मी पाठवलं हे सांगू नका.

ता. क. २. वरचं रद्द. गेल्या महिन्यात मी ऑफिसातल्या श्रेयसला तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन पाठवलं होतं. आज सकाळी गाळ्यातल्या टेबलावरचे कागद लावताना तो जबाब सापडला. दीड पान. खाली बाबांच्या अक्षरात शेरा आहे: "फिर्यादी मुलीच्या ऑफिसातला. सांगितलेल्या जागी गटार नाही. मुलगी काळजीत आहे. तिला कळू देऊ नये."

तेव्हा काका, खरी तक्रार घेऊन जा. तुमच्याकडे एक आहे. कोणावर संशय आहे का, असं ते विचारतील. सांगा.