भात्याविना पेटी

महाड, १२ जुलै १९९८

चि. मुकुल यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन पावसाने बंद पडला आहे आणि तो दुरुस्त करणारा माणूसही पावसातच वाहून गेला असावा, म्हणून हे पत्र. सावित्रीचे पाणी बाजारपेठेपर्यंत येऊन आमची चौकशी करून परत गेले. आम्ही कोरडे आहोत.

माझ्या तब्येतीचे विचारतोस. त्या अर्धांगाच्या झटक्यानंतर पाय सुधारला. तोंड तर कधी बिघडलेच नव्हते, असे तुझे भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. डावा हात मात्र रुसून बसला आहे. बोटे मुठीत वळतात आणि सोडवल्याशिवाय सुटत नाहीत. डॉक्टरांनी चोळायला सांगितले आहे, ते काम हे करतात. रविवारी सव गावच्या गरम कुंडावरही नेतात. तिथे मी हात बुडवून बसते आणि हे काठावर बसून लोकांना माझा आजार समजावून सांगतात.

पेटीचे काय झाले ते ऐक. उजवा हात शाबूत आहे, पण भाता मारायला डावा लागतो. तेव्हा भाता मारण्याची नोकरी यांनी पत्करली. कोर्टातून निवृत्त झाल्यापासून रिकामेच होते. पेटीच्या पलीकडे मांडी घालून बसतात आणि सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरावी तसा भाता मारतात. मी जरा संथ वाजवू लागले की पेंगतात, पेटी मलूल होते, मग दचकून असा जोर लावतात की शेजारची मांजर उठून जाते. इतका संसार झाला, पण मी वाजवायला बसले की हे गृहस्थ पेपर घेऊन आतल्या खोलीत जात. आता नाइलाजाने समोर बसावे लागते, त्याची ही शिक्षा मला.

क्लासच्या मुली पांगल्या. बिरवाडीच्या तर सगळ्या रुचिरच्या कीबोर्डला गेल्या. माझ्याकडेच सा-रे शिकलेला तो रुचिर! त्याच्या यंत्राचे एक बटण दाबले की ढोल, बासरी, सनई सगळे आपसूक वाजते आणि हा नुसता मान हलवतो. ते एक वेळ सोसले असते. पण पोलादपूरच्या देवळात नवरात्राच्या भजनाला, आपल्या माहेरच्या देवळात रे, माझ्याशिवाय दुसऱ्या कोणी कधी पेटी धरली नाही. आणि परवा मंडळाच्या मैथिलीचा निरोप आला, की ताई, यंदा तुम्ही विश्रांती घ्या, रुचिरला सांगितले आहे. मी विश्रांती घेतली ती एकदा घेतलीच, हे मला कळते. मुकुल, मला यंदा तिथे बसायचे आहे. तू इतकी वर्षे विजेच्या तारा जोडतोस, काहीतरी कर.

लोभ ठेव, आणि उत्तर लवकर धाड.
तुझी ताई


पुणे, ९ ऑगस्ट १९९८

ती. सौ. प्रमोदिनीताईस मुकुलचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र वाचून हसलो, मग हसायचे थांबलो आणि कामाला लागलो. सोबत शेजारच्या पाटणकरांबरोबर एक डबा पाठवतो आहे. दिसायला तो पोळपाटासारखा आहे, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणून घेतो.

त्याला दाबायच्या पट्ट्या नाहीत आणि भाताही नाही. वर तांब्याच्या चकत्या आहेत, पेटीच्या क्रमानेच. डावीकडे एक पितळी पत्रा आहे. डावा तळवा पत्र्यावर ठेवायचा आणि उजव्या बोटाने चकतीला नुसते शिवायचे. तुझ्या अंगातून किंचितशी वीज पत्र्याकडून चकतीकडे जाते आणि सूर निघतो. वीज आत बसवलेल्या लहान सेलची आहे, मुंगीलाही कळणार नाही. तळवा घट्ट टेकला की आवाज मोठा, हलका टेकला की लहान. भाऊजींना भात्यावरून सन्मानाने निवृत्त करावे.

भाऊजींना सा. न., तुझा राग आमच्यावर असाच राहो, कारण तो गेला की काळजी वाटते.
तुझा मुकुल


महाड, २३ ऑगस्ट १९९८

चि. मुकुल यास आशीर्वाद, यापुढे कान धरून.

पोळपाट पोचला. नवे वाद्य घरात आले की आपल्याकडे काय करतात हे तू पुण्याला जाऊन विसरलास, नाहीतर एक ओळ लिहिली असतीस. संध्याकाळी यांनी त्याला पाटावर बसवले आणि मी पळीभर पाण्यात हळद-कुंकू कालवून एकेका चकतीला बोट लावले. पत्र्यालाही लावले, तो एकटा कशाला राहील. ओघळ एकमेकांत मिसळले मात्र, आणि यांनी बटण फिरवताच डब्याने जो गळा काढला तो सगळ्या सुरांत एकदम. हे धावत जाऊन घराचा फ्यूज काढून आले. घरात अंधार झाला आणि डबा रडतोच आहे. वीज त्याच्या पोटात असते हे पत्रात लिहिलेले यांनी वाचले नव्हते. समोरची मंजुळा काकू कोण गेले म्हणून विचारायला आली. शेवटी मी पदराने ते पुसले तेव्हा तो गप्प झाला.

हसून झाले असेल तर पुढे वाच. कोरडा केल्यावर तो वाजेचना. माझा तळवा त्या पत्र्यावर टेकतच नाही, मूठ वळते. फडक्याने बांधून पाहिला, तर हात ओढला की डबाच मांडीवर येतो, आणि दुखते ते वेगळे. मी डबा भिंतीकडे सरकवला आणि, लिहायला लाज कसली, रडले.

दुसऱ्या दिवशी हे नेहमीप्रमाणे माझी बोटे सोडवायला बसले. डबा मध्येच होता, चालूच राहिलेला. टेकायला म्हणून यांनी आपला एक हात पत्र्यावर ठेवला, दुसऱ्या हातात माझा डावा हात, आणि चाळा म्हणून माझे उजवे बोट एका चकतीला लागले. स्वच्छ मध्यम! हात सोडला तर बंद. पुन्हा धरला तर पुन्हा. आम्ही दोघेही तोंडे उघडी टाकून बसलो. मग मी पूर्ण भूप वाजवला, आणि यांनी हात सोडला नाही.

तेव्हा डबा वाजतो, पण आम्हा दोघांचा हातात हात असला तरच. हा कसला वात्रटपणा करून ठेवला आहेस? घरात चालेल. पोलादपूरच्या देवळात, माहेरच्या सगळ्या बायांसमोर, या वयात मी नवऱ्याचा हात धरून बसू? मी तुझ्या भाऊजींच्या शेजारी रस्त्याने चाललेलीसुद्धा पोलादपूरने पाहिलेली नाही. मंडळाला तर कळवून बसले आहे, की मी येते.

उपाय धाड. तोवर लोभ स्थगित.
तुझी ताई


पुणे, ३ सप्टेंबर १९९८

ती. सौ. ताईस मुकुलचा दुरून, हात न धरता, नमस्कार. वि. वि.

वात्रटपणा मुद्दाम केलेला नाही, शपथ. तो करायला जी अक्कल लागते ती माझ्याकडे असती तर आणखी काय हवे होते. तुमच्या दोघांच्या अंगांतून मिळून वीज जाते, इतकेच. त्या पूजेच्या वेळी ती कुंकवाच्या ओघळांतून गेली.

उपाय मात्र अगदी सोपा आहे. मनगटाला बांधायचा पट्टा, आतून पितळी, त्याला एक वायर. ती पत्र्याला जोडली की तुझी मूठ उघडी असो वा मिटलेली, काही बिघडत नाही. भाऊजी खरोखरच मोकळे. चार दिवसांत टपालाने पाठवतो, नवरात्राआधी नक्की मिळेल.

स्थगिती उठवावी ही विनंती.
तुझा मुकुल


महाड, १७ सप्टेंबर १९९८

चि. मुकुल यास हरीचे आशीर्वाद. कळविण्यास कारण की,

आपण धाडलेला मनगटी पट्टा टपालाने पोचला. तुमची ताई तेव्हा मंजुळाबाईंकडे गेली होती. पट्टा माझ्या ताब्यात आहे. सदर वस्तू मी तिला दिलेली नाही. रोज ती टपालवाल्याच्या नावाने बोटे मोडते आणि मी मान डोलावतो. याला अपहार म्हणतात, हे कोर्टात जन्म काढलेल्या माणसाला कळते.

कारण लिहितो. हसायचे तर पुण्यात हसा. मी गाण्यातला दगड आहे. ती वाजवायला बसली की मी आत जात असे, पण कंटाळा येऊन नव्हे. त्या वेळी तिला माझी काही गरज नसे आणि ते मला बघवत नसे. आता तिचा सूर माझ्या हातांतून जातो. मी बोटे आवळली की तो मोठा होतो, सैल केली की लहान. ती मानेने सांगते आणि मी करतो. तिचे म्हणणे, भाता मारण्यापेक्षा हे मला बरे जमते. पट्टा बांधला की मी परत आतल्या खोलीत.

तथापि, तिचे वाजवणे माझ्यामुळे अडू देणार नाही. पोलादपूरला जाताना पट्टा कोटाच्या आतल्या खिशात घेऊन जाईन. ऐन वेळी तिला लाज वाटली तर काढून देईन आणि सत्य काय ते सांगेन. मग ती जे बोलेल ते ऐकण्याची तयारी आहे.

हे पत्र वाचून फाडावे. लोभ आहेच, तो कागदावर न आणता.
हरी


महाड, ४ ऑक्टोबर १९९८

चि. मुकुल यास ताईचे भरघोस आशीर्वाद.

वाजवले रे! ललितापंचमीला देवळात सगळ्या गावासमोर, पहिल्या गणापासून आरतीपर्यंत. पोळपाट पाहून बायका आधी हसल्या. मग आम्ही हात धरले तेव्हा हसणेच थांबले, आणि ते जास्त वाईट होते. माझे कान तापले. तेवढ्यात वरच्या वाडीवरून दूध घेऊन येणारी म्हातारी सगुणाबाई, जी देवासमोरही आवाज खाली करत नाही, ती म्हणाली, “आता लाजून काय उपेग हाय गो? वाजव!” मग सगळा सभामंडप हसला आणि मी वाजवले. यांनी एकदाही बोटे सैल केली नाहीत. शेवटी शेवटी मीच मान हलवून सांगत होते, की अहो, जरा हळू. रुचिर कीबोर्ड घेऊन आला होता, त्याने मागे बसून नुसता ठेका धरला. नंतर डबा कुठे मिळतो म्हणून विचारू लागला. मी सांगितले, डबा पुण्याहून येतो, पण तो वाजायला आधी लग्न करावे लागते. मैथिली पुढच्या नवरात्राचे आताच सांगून गेली.

एक गोष्ट फक्त तुला लिहिते, तुझ्या भाऊजींना कळवू नकोस. पोलादपूरला जाताना एसटीत यांना झोप लागली. कोट माझ्या मांडीवर होता, आणि खिशात काहीतरी टोचत होते. काढून पाहिला तर पट्टा, वेष्टणावर तुझ्या अक्षरातला पत्ता तसाच. आधी वाटले, यांना तिथेच हलवून उठवावे आणि सगळ्या एसटीसमोर विचारावे. मग यांच्याकडे पाहिले. तोंड उघडे टाकून झोपले होते, आणि एक हात झोपेतसुद्धा माझ्या डाव्या मुठीवर. मी पट्टा होता तसा खिशात ठेवला आणि बटण लावले.

देवळात बसल्यावर, बायका गप्प झाल्या तेव्हा, यांनी माझा चेहरा पाहिला. यांचा पत्र्यावरचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. तो मी वाटेतच धरला.

आमच्या दोघांचा लोभ घे.
तुझी ताई