खिडकीतलं ताट

२ जून, सोमवार. सकाळी ६.१०.
विद्यापीठाच्या भोजनगृहाच्या मागच्या दाराशी उभा राहून हे लिहितो आहे. दार बंद आहे. इंटर्नशिप आठला सुरू होते, पण लवकर येण्यात एक वजन असतं. रखवालदाराने येऊन कोण पाहिजे म्हणून विचारलं. मी म्हणालो, मॅनेजमेंट इंटर्न. तो म्हणाला, बरं, दूधवाल्याला वाट द्या.

संकल्प: कमी बोलायचं, तोलून बोलायचं. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं हा विषय निघू द्यायचा नाही. इंटर्नशिप संपेपर्यंत कायम व्हायचं. भावजींनी, म्हणजे ताईच्या मिस्टरांनी, चार ठिकाणी शब्द टाकून ही जागा मिळवली आणि घास तोंडाशी गेला की ते याची आठवण करून देतात. आईला मी सांगितलं आहे की ऑफिसचं काम आहे.

रात्री.
ऑफिस पाहिलं. दारातून. साहेबांनी, म्हणजे मॅनेजरांनी, जाळीची टोपी आणि एक एप्रन दिला. एप्रन कोठीकाकांचा. कोठीकाका इथली कोठी सांभाळायचे, मार्चमध्ये वारले. जागा अजून भरलेली नाही. माझी संधी इथेच आहे, पण मी चेहऱ्यावर दुःख ठेवलं. एप्रनच्या खिशात एक लवंग सापडली. टाकून द्यावी की काय करावं कळेना. परत खिशात ठेवली.

३ जून.
नेमणूक शीतघराला लागून असलेल्या मागच्या खोलीत. ट्रे पुसणे, भाजी निवडणे, आणि अकरा वाजता मागच्या अंगणात क्रेट धुणे. साहेब म्हणाले, तळापासून शिकायचं. बरोबर आहे, मोठी माणसं तळातूनच वर येतात. मात्र अकरा वाजता अंगणात फार ऊन असतं. म्हणून आज क्रेटची नुसती पाहणी केली आणि आत आलो.

स्वयंपाकघर आणि माझी खोली यांच्यामधल्या भिंतीत एक छोटी खिडकी आहे, पलीकडून झडप असलेली. तिच्या कट्ट्यावर झाकलेलं ताट होतं. सूप, बटाटे, पाव, थोडी भाजी. 'इंटर्नसाठी भोजन समाविष्ट' असं पत्रात आहेच, पण इतक्या आदबीने देतील असं वाटलं नव्हतं. खाल्लं. शेवटी चमचा ताटाच्या काठावर दोनदा आपटला. ही माझी लहानपणची सवय, आईच्या डोक्यात जाते. आपटला आणि त्याच क्षणी पुढच्या हॉलचं शटर खडखडत वर गेलं. जणू सगळे माझ्यासाठी थांबले होते.

५ जून.
आज जरा विचित्र झालं. ताट संपवलं, चमचा आपटला, आणि कुठून तरी आवाज आला.

"मीठ बरोबर आहे ना?"

मऊ, दमलेला, बाईचा आवाज. खोलीत मी एकटा. शीतघराचा कंप्रेसर घरघरत होता. मी घाबरलो नाही. अंगणात गेलो आणि सगळे क्रेट धुऊन काढले, उन्हाची पर्वा न करता.

६ जून.
विचार केला. मोठ्या स्वयंपाकघरात बाई एकच, मुख्य आचारी मावशी. पण मावशींचा आवाज म्हणजे पत्र्यावर खडे. काल मला म्हणाल्या, "अरे ए इंटर्न, बटाटा सोलतोयस की त्याची दाढी करतोयस?" तो मऊ आवाज त्यांचा असणं शक्य नाही. कंप्रेसरचाच असावा. जुनी मशिनं बोलतात.

११ जून.
काउंटरवर वाढणाऱ्या मुलाला सगळे चिमटा म्हणतात, कारण तो बोलतानाही चिमटा हातातून सोडत नाही. त्याने विचारलं, स्टाफच्या दोनच्या जेवणाला का बसत नाहीस. म्हणालो, माझं पथ्य आहे. खरं म्हणजे पोट भरलेलं असतं, पण यातून शिस्त दिसते. मावशी माझ्याकडे रोखून बघत होत्या. प्रभाव पडतो आहे.

आवाज आजही आला. "काल जरा करपलं होतं, माझं लक्ष नव्हतं." कंप्रेसर असं बोलेल असं वाटत नाही.

१६ जून. रात्री.
वाईट बातमी. साहेबांना कायम होण्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, मावशींनी शब्द दिला तर उद्या घेतो, पण मावशी म्हणतात की जागा रिकामी नाही. कोठीत माणूस आहे, रोज अकराला येतो. साहेबांनी खांदे उडवले. मावशींच्या पुढे इथे कोणी बोलत नाही.

म्हणजे कोणीतरी वशिल्याचा माणूस आहे. रोज अकराला येतो, काम करून जातो आणि मला दिसत नाही. किती सराईत असेल. एप्रनच्या खिशातली लवंग चघळत हा विचार केला. चघळून झाल्यावर लक्षात आलं की ती कोणाची होती. चूळ भरली.

संकल्प: या माणसाला पकडायचं.

१७ जून.
अकरा वाजता खोलीत दबा धरला. कोणी आलं नाही. ताट खाल्लं.

१९ जून.
दबा. कोणी नाही. ताटात आज कस्टर्ड होतं. अप्रतिम.

२३ जून.
दबा. पाठीमागे कोणीतरी उभं आहे असं सारखं वाटत होतं. वळलो तर एप्रन खिळ्यावर हलत होता. पंखा बंद होता. मी घाबरलो नाही, पण खाणं भराभरा उरकलं. आवाज आला, "आज घाई आहे वाटतं?"

आता त्या आवाजाला मी दिसतोसुद्धा.

२४ जून.
आजारी. ताट उरकून लवकर घरी आलो. ताई म्हणाली, ताप नाहीये. भावजी म्हणाले, कामचुकारपणाला थर्मामीटर लागत नाही.

३० जून.
चिमट्याला बाजूला घेऊन विचारलं की अकराला येणारा माणूस कोण. त्याच्या हातातला चिमटा खाली पडला. पहिल्यांदाच. मग कुजबुजत सगळं सांगितलं.

कोठीकाका असताना त्यांनी चाखल्याशिवाय जेवण बाहेर जायचं नाही. अकराला मावशी खिडकीत ताट ठेवायच्या. काका मागच्या खोलीत बसून खायचे, सगळं नीट असलं की चमचा ताटावर दोनदा वाजवायचे आणि मग मावशी शटर उघडायच्या. वीस-बावीस वर्षं. त्या दोघांचं बाकी काही बोलणंच नसे. काका गेले तरी मावशींनी ताट ठेवणं सोडलं नाही. ताट तसंच परत यायचं, त्या ओतून द्यायच्या. नोकरी सोडते म्हणून अर्जही लिहिला होता.

"आणि आता जूनपासून," चिमटा म्हणाला, "ताट रिकामं येतं. चमचा वाजतो. मी कानांनी ऐकलाय. आणि काकांना साखरेचा त्रास होता, कस्टर्डला शिवायचे नाहीत. आता चाटूनपुसून खातात. मावशी म्हणतात, वर गेल्यावर बरे झाले."

मावशींनी अर्ज फाडून टाकला म्हणे.

मी विचारलं, कुठलं ताट. तो म्हणाला, खिडकीतलं. मी पाणी प्यायलो. आणखी एक पेला प्यायलो.

३० जून. झोप नाही.
शक्यता: ते ताट काकाच खातात आणि मला मी खातो असा भास होतो. मग माझं वजन का वाढलं? पट्ट्याचं भोक बदललं आहे.

म्हणजे तो वशिल्याचा माणूस मी आहे. मी आहे म्हणून जागा रिकामी नाही.

१ जुलै.
मावशींना खरं सांगायचं. वाक्य पाठ केलं: मावशी, एक छोटासा गैरसमज झालेला आहे. त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्या कांदा चिरत होत्या आणि गुणगुणत होत्या. म्हणाल्या, "काय रे, काही पाहिजे?" आवाजात खडे नव्हते. मी म्हणालो, कांदा मी चिरतो. चिरला.

१४ जुलै.
ठरलं. उद्यापासून ताटाला हात लावायचा नाही. सांगण्याची गरजच पडणार नाही. ताट भरलेलं राहील, मावशींच्या सगळं लक्षात येईल, जागा रिकामी होईल. यात त्यांचंच भलं आहे. माणसाने सत्य स्वीकारलं पाहिजे. आज भावजींनी ऑफिससाठी घेऊन दिलेल्या बुटांच्या पैशांचा विषय काढला, त्याचा या निर्णयाशी संबंध नाही.

१५ जुलै.
अकराला अंगणात होतो. क्रेट धुतले. धुतलेले पुन्हा धुतले. शटर वाजलं नाही. बाहेर वर्ग सुटलेली मुलं ट्रे बडवायला लागली. आत आलो आणि झडपेच्या फटीतून पाहिलं.

मावशी डाव हातात धरून झडपेला कान लावून उभ्या होत्या. माझ्यापासून वीतभर अंतरावर. साहेब येऊन म्हणाले, उघडा आता, मुलं थांबली आहेत. मावशी म्हणाल्या, "थांबा. त्यांनी अजून चाखलं नाही."

साहेब घड्याळ बघत मागे सरकले. चिमटा जमिनीकडे बघत होता. मग मावशींनी झडपेला तोंड लावलं आणि तो आवाज आला, मऊ, दमलेला.

"रुसलात का? काल तिखट जास्त झालं होतं. कळलं मला."

त्या हळूच उपड्या पातेल्यावर बसल्या. डाव मांडीवर ठेवला. आजवर मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं.

मी तत्त्वाचा माणूस आहे. पण मुलं भुकेली होती, त्यांचा विचार कोणी तरी करायला हवा होता. ताट उभ्यानेच खाल्लं. सगळं गार झालं होतं. चमचा दोनदा वाजवला. घाईत तिसऱ्यांदाही वाजला.

शटर वर गेलं.

"सावकाश जेवा," झडपेपलीकडून आवाज आला. "घाई नाही."

२५ जुलै, शुक्रवार. शेवटचा दिवस.
साहेबांनी प्रमाणपत्र दिलं. म्हणाले, दोन महिने कोठीवाल्याशिवाय सगळं सुरळीत चाललं, तेव्हा ती जागाच वरून रद्द झाली आहे. तुझ्यासारख्या मुलाला कुठेही काम मिळेल. कुठे ते त्यांनी सांगितलं नाही.

मावशींनी शेरा लिहिला आहे: मुलगा कामाचा आहे. जेवत नाही. मग एक डबा हातात ठेवला. म्हणाल्या, वाळून गेलायस, आईला काय वाटेल. डब्यात कस्टर्ड होतं. मी एप्रन परत केला. त्यांनी तो झटकला, खिशात एक नवी लवंग टाकली आणि खिळ्याला अडकवला.

घरी येऊन हिशेब मांडला.
खर्च: काळे बूट, ऑफिससाठी. बायोडाटाचे फोटो. एक पट्टा, मोठा.
येणे: स्टायपेंडचा शेवटचा हप्ता, 'प्रक्रियेत' आहे.
देणे: भावजींना बुटांचे. आईला ऑफिसबद्दल एक खुलासा. मावशींना डबा परत.
सोमवारपासून बसभाडं, जाऊन-येऊन. मागचं दार साडेदहाला पाववाल्यासाठी उघडतं, रखवालदार मला ओळखतो. हे फक्त दुसरी नोकरी लागेपर्यंत. किती दिवसांचं धरावं ते कळेना, म्हणून रक्कम कोरी ठेवली आहे.