कॅमेऱ्याशेजारचा माणूस

गुरुवार, ६ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता बरा असेल. इकडे सगळं ठीक.

आपल्या दोघांच्या, आणि आपल्यासारख्या घराघरांतल्या मुलग्यांच्या तोंडाला लहानपणीच कुलूप लागलं. पडलास? पुरुषासारखा ऊठ. रडतोस? बाहेर जाऊन रड. अण्णांनी हे आपल्याला सांगितलं, त्यांच्या वडिलांनी त्यांना. ते कुलूप फोडायला मी वक्तृत्वाचा वर्ग काढला. आपलं दुःख ज्याला चार लोकांत उभं राहून सांगता येतं तोच खरा मर्द, असं मी जिथे तिथे गरजून सांगितलं. आजही त्यातला एक शब्द मागे घ्यायची माझी तयारी नाही. भाषण सुरू झालं म्हणून हसू नकोस.

तुझं निमंत्रण मिळालं. रविवारी माझ्याच वर्गात माझ्याच मुलांच्या फोटोंचं प्रदर्शन, उद्घाटक मी. मला जमणार नाही. घसा बसला आहे.

फोटो काढायला तू वर्गात आलास, त्या पहिल्या दिवशी मुलांना मीच तयार केलं होतं. हनुवटी वर, खांदे मागे, नजर शेवटच्या रांगेवर. संध्याकाळी तू सगळे फोटो संगणकावर ओळीने दाखवलेस आणि म्हणालास, "दादा, हे सगळे तूच आहेस." मी खुळा, मला ती दाद वाटली. मी सगळ्यांना चहा सांगितला. तू ते सगळे फोटो बाजूला ठेवलेस.

दुसऱ्या दिवशी तू काही शिकवलं नाहीस. स्टुलावर बसणाऱ्याला एवढंच विचारायचास, "कॅमेऱ्याशेजारी कोण उभं राहायला हवंय? त्याच्याकडे बघ."

पहिला बसला पहिलवान. टायरच्या दुकानात दिवसभर लोखंडाशी झटतो. दंड दिसावेत म्हणून बाह्या सरसावून आला होता, तू त्या खाली करायला लावल्यास. त्याने खोलीभर नजर फिरवली. मी खुर्चीतून अर्धा उठलोसुद्धा. वाक्य कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबायचं, ते या मुलाला मी शिकवलं होतं.

"चष्मिस, ये रे इकडे."

चष्मिस. स्वतःचं नाव सांगतानाही जो अडखळतो. ज्याला हाच पहिलवान उचलून वर्गातल्या कपाटावर बसवायचा.

मी हसत विचारलं, "का रे, मी नको का?" हसत विचारलं, हे लक्षात ठेव.

"तसं नाही, सर. तुम्ही समोर असलात की उत्तर पाठ असल्यासारखा चेहरा होतो."

"आणि हा?"

"हा नुसता असतो. आई दवाखान्यात होती तेव्हा बाकावर येऊन बसायचा. बोलायचा नाही काही. डबा उघडून पुढे करायचा."

"ड-डबा त्याचाच होता, सर," चष्मिस म्हणाला. "अर्धा मीच खायचो."

पहिलवान हसला, हसता हसता त्याचे डोळे भरले आणि तू बटण दाबलंस. बाहेर जाऊन रड, असं त्याला कोणी म्हणालं नाही.

तो फोटो उत्तम आहे. हे लिहिताना हात जड होतोय.

मग एकेक जण बसत गेला. कोणी मित्राला बोलावलं, कोणी मोठ्या भावाला. एक जण म्हणाला, जागा रिकामीच राहू दे. मला कोणी बोलावलं नाही. मी खिडकीशी पडदा धरून उभा होतो, तुझा उजेड सांभाळत. मत्सरावर मी व्यासपीठावरून तासभर बोलू शकतो. तो पोटात कसा ठाण मांडून बसतो, हे मात्र वाचलेल्या एवढ्या पुस्तकांत कुठेच सापडलं नव्हतं.

मुलांवर माझा राग नाही. तुझ्यावर आहे. तू आयुष्यात कोणाला एक धड वाक्य ऐकवलं नाहीस आणि माझी पोरं दोन दिवसांत तुझी झाली. घरातही हेच. आई मला पेपर वाचून दाखवायला सांगायची आणि मनातलं तुझ्यापाशी बोलायची.

घसा ठणठणीत आहे.

सगळे गेल्यावर तू मला स्टुलावर बसवलंस. विचारलंस, "दादा, तुला कोण हवंय?" उशीर झाल्याचं सांगून मी उठलो. उत्तर नव्हतं असं नाही. तो माणूस कॅमेऱ्यामागे होता.

माझं पहिलं भाषण आठवतंय? शाळेचं पटांगण. तू पहिल्या रांगेत, शर्टाच्या बाहीला नाक पुसत. सगळं भाषण मी तुझ्याकडे बघत केलं. टाळ्या पडल्या आणि पुढच्या खेपेपासून मी गर्दीकडे बघायला लागलो.

मुलं सांगत होती, भिंतीवर मधोमध एक चौकट तू रिकामी ठेवली आहेस.

शनिवारी सकाळी मी वर्ग उघडून बसतो. तू ये. कॅमेरा चष्मिसच्या हातात दे, कुठलं बटण दाबायचं ते त्याला दाखव आणि तू बाजूला येऊन उभा राहा. मी काही बोलणार नाही.

तुझ्याकडे बघायचं विसरलेला,
दादा