कुमाने पाठवलेलं नाव परत गेलं, त्याची हकिगत

आरिल्ये, २ जुलै

आमच्या घराचे वडीलधारे, माझ्या मुलाला नाव देणारे आणि सध्या आमच्यावर रुसून बसलेले कुम स्वेतिस्लाव यांना दोब्रिवोयेचा गुडघे टेकून नमस्कार (उजवा गुडघा कसा आहे तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा डाव्यावरच भागवून घ्या).

तुमची तब्येत कशी आहे? रोसांदावहिनींचं ब्लडप्रेशर उतरलं का? मधमाश्या यंदा काय म्हणतात? आमच्याकडे रास्पबेरीची तोडणी ऐन भरात आहे, स्तामेन्काची कंबर धरली आहे आणि माझी जीभ सुटली आहे, म्हणजे सगळं नेहमीप्रमाणे. हे पत्र तुमच्या वाल्येवोच्या बसचा ड्रायव्हर मिलेंको तुमच्या हातात देईल. तुम्ही पाकीट फोडेपर्यंत हलायचं नाही, असं मी त्याला बजावलं आहे. बस खोळंबली आणि प्रवाशांनी बोंब मारली तर ते पाप तुमच्या माथी, म्हणून लवकर फोडा.

आता मुळापासून सांगतो. आठ जूनला लाझार आणि तियानाला मुलगी झाली, हे तुम्हाला ठाऊक आहे. तीन किलो चारशे, डोक्यावर भरपूर केस, आवाज आजीवर, आमच्या स्तामेन्कावर गेलेला (म्हणजे तीन घरं पलीकडे जाणारा). आमच्या घरच्या पोरांची नावं ठेवायचा मान पिढ्यान्पिढ्या तुमच्या घराकडे, म्हणून तर तुम्ही आमचे कुम: माझं नाव तुमच्या आजोबांनी ठेवलं, लाझारचं तुम्ही ठेवलंत, तेव्हा हिचं कोण ठेवणार हा प्रश्न या घरात कधी उठलाच नाही. त्याच संध्याकाळी मी तुम्हाला ईमेल लिहिली. फोन का नाही केला म्हणाल, तर कुमाला फोन करून नाव मागणं म्हणजे किराणा मागवल्यासारखं वाटलं. लेखी विनंती शोभून दिसते. आमच्या जॅमच्या धंद्याचा तो झोकदार पत्ता आहे ना, त्यावरून पाठवली, शेवटी देवाचं आणि कुमांचा पाठीराखा संत योहान याचं नाव घातलं, आणि दुसऱ्या दिवसापासून उत्तराची वाट पाहत बसलो.

उत्तर नाही. सहाव्या दिवशी मी अगदी नम्रपणे लिहिलं, की कुम, आम्ही अजून वाट पाहतो आहोत. बाराव्या दिवशी पुन्हा लिहिलं, की घाई नाही, पण एखादं नाव सुचलं तर कळवा. इकडे गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. जो तो विचारतो, नातीचं नाव काय? स्तामेन्का ठसक्यात सांगते, ते गुपित आहे. त्यामुळे अख्ख्या आरिल्येत समज झाला आहे, की आम्ही पोरीला काहीतरी भयंकर नाव ठेवलंय आणि आता लपवतोय. तिच्या मनगटावर दवाखान्याची पट्टी होती, तिच्यावर नुसतं ‘बाळ’ लिहिलेलं. ती पट्टी तियानाने जपून ठेवली आहे आणि मधूनमधून ती काढून बघते. मला ते बघवत नाही. त्यातून नोंदणी कचेरीतल्या बाईंनी बजावलंय, तीस दिवसांत नाव द्या, नाहीतर सरकार ठेवील ते नाव घ्या. आज चोविसावा दिवस आहे.

सतराव्या दिवशी मी मान-अपमान गुंडाळून ठेवला आणि फोन केला. तुम्ही उचललात आणि माझा आवाज ऐकून आपटलात. (ऐकू आलं मला. तो जुना जड फोन आहे तुमचा.) दुसऱ्या दिवशी मिलेंकोने वहिनींचा निरोप आणला, आणि तो जसाच्या तसा लिहितो, कारण तेव्हापासून माझी झोप उडाली आहे: “ज्यांनी येव्रोसिमाचं नाव परत पाठवलं, त्यांच्या फोनला हा माणूस हात लावणार नाही.”

कुम, मी भर बसस्टँडवर ओरडलो. येव्रोसिमा! तुमची आई! माझी आई दवाखान्यात होती तेव्हा जिने मला अडीच महिने स्वतःच्या ताटातलं वाढलं, तिचं नाव मी परत पाठवीन? मी कशाला, माझा शत्रूसुद्धा पाठवणार नाही. पण मला काही मिळालंच नव्हतं, तर परत काय पाठवलं?

तर ऐका, घोळ कुठे झाला. मे महिन्यात लाझारला हुक्की आली, की आपली वेबसाइट हळू चालते, ती बेलग्रेडच्या एका नव्या कंपनीकडे हलवावी. हलवली. जॅमच्या बरण्यांचे फोटो आता डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतात. पण ईमेलच्या, म्हणजे पत्रांच्या, पेट्या हलवायच्या राहून गेल्या. आमची जाणारी पत्रं जुन्या कंपनीतून सुखरूप निघत होती आणि येणारी नव्या कंपनीच्या दारात जाऊन थडकत होती. घर बदललं आणि दारावर पाटीच लावली नाही, तसला प्रकार. आमच्या चिरंजीवांना विचारलं तर म्हणतात, बाबा, ते आपोआप व्हायला पाहिजे होतं. या घरात आपोआप फक्त भांडणं होतात, हे त्याला एव्हाना कळायला हवं होतं.

मी नव्या कंपनीकडे तक्रार केली. कंपनीने कळवलं, तक्रारीचं उत्तर तुम्हाला ईमेलने पाठवलं आहे. कुठल्या पत्त्यावर? त्याच, जिथे काही पोचत नाही! मी पुन्हा तक्रार केली, की उत्तर पोचलं नाही. त्याचंही उत्तर त्यांनी ईमेलने पाठवलं. असं तीनदा झालं, आणि मी हात टेकले. मग फोन धरला. चाळीस मिनिटं वाजंत्री ऐकली (स्तामेन्काने त्या तालावर जॅमचं अख्खं पातेलं ढवळलं) आणि शेवटी एक ल्युबिंकाबाई लाइनवर आल्या. तक्रार क्रमांक विचारला, सांगितला. ग्राहक क्रमांक विचारला, सांगितला. म्हणाल्या, नियमाप्रमाणे पाच दिवस लागतील. मी म्हटलं, बाई, आठवड्याभरात माझ्या नातीचं नाव सरकार ठेवणार आहे, आणि तिकडे माझा कुम समजतोय की आम्ही त्याने दिलेलं नाव परत केलं.

मग त्या म्हणाल्या, “अहो काका, कुमाचं प्रकरण आहे हे आधी नाही का सांगायचं?”

आणि कुम, त्या बाईने क्रमांक-बिमांक सगळं बाजूला ठेवलं, कुठल्याशा नोंदी उघडल्या आणि मला वाचून दाखवलं. नऊ जूनला वाल्येवोहून स्वेतिस्लाव यांचं पत्र आलं होतं. पंधराला आलं. एकवीसला आलं. तिन्ही वेळा त्यांच्या यंत्राने “या पत्त्यावर असा कोणी माणूस नाही” असं म्हणून तुम्हाला दारातून परत पाठवलं. आत काय लिहिलं होतं ते त्यांना दिसत नाही.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. तुम्ही दुसऱ्याच दिवशी नाव पाठवलं होतंत! ते परत आलं, आणि वर माझं पत्र, की आम्ही अजून वाट पाहतोय. म्हणजे तुम्हाला वाटणार, पसंत नाही पडलं, दुसरं द्या म्हणतायत. तुम्ही गिळलंत आणि काळजातलं नाव काढून दिलंत, आईचं. तेही परत! आणि वर मी शहाणा लिहितो, घाई नाही, एखादं सुचलं तर कळवा. तरीही तुम्ही तिसरं पाठवलंत. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्यालाच कुऱ्हाड घेऊन निघालो असतो. खरं सांगतो, ल्युबिंकाबाईंसमोर, फोनवर, मी रडलो. त्याही नाक ओढत होत्या. म्हणाल्या, सर्दी आहे.

एक कबुली द्यायची राहिली. अठराव्या दिवशी, तुम्ही फोन आपटल्यानंतर, मी रागाने म्हणालो होतो, की जाऊ दे, आपणच ठेवू नाव. तियाना बाळाला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, “बाबा, मी थांबते.” परक्या घरातून आलेली पोर ती, आणि लाज मला वाटली.

वहिनींना नमस्कार. मधमाश्यांना सांभाळा. राग आमच्यावर काढा, बाळावर नको.

तुमचा, काहीही परत न पाठवलेला,
दोब्रिवोये

ता. क. सोबत एक फॉर्म जोडला आहे. ल्युबिंकाबाई म्हणतात, पत्रांच्या पेट्या सुरू करायला डोमेनच्या मालकाची सही लागते. मी छाती पुढे काढून म्हटलं, मालक मीच. निघालात तुम्ही! लाझारच्या लग्नात तुम्ही ते आहेर म्हणून घेऊन दिलं होतंत आणि ते आजतागायत तुमच्याच नावावर आहे. म्हणजे आमच्या पत्त्याचे मालक तुम्ही, आणि त्याच पत्त्यावरून तुम्हालाच हाकललं. खुणेच्या जागी सही करा.

ता. क. २. फॉर्म मिलेंकोबरोबर पाठवू नका, स्वतः घेऊन या. सात तारखेला संत योहानाचा दिवस आहे, आणि त्या दिवशी कुमाने घरी बसून राहणं बरं दिसत नाही. नोंदणी कचेरी आठ तारखेला सकाळी उघडते, आणि तोच तिसावा दिवस. सही करायची विसरलात तरी चालेल. धंदा पडून राहू दे, तुम्ही या.

ता. क. ३. स्तामेन्काने काल पाळण्याशी जाऊन हळूच ‘येव्रोसिमा’ म्हणून बघितलं. (नाव ठेवलं नाही हो, फक्त ऐकवलं.) बाळ शिंकलं. तियाना म्हणते, नाव जरा वजनदार आहे, पण तीही मोठी होईलच की. तेव्हा पहिलं, दुसरं, तिसरं, तिन्ही नावं बरोबर आणा. कुठलं हिला द्यायचं ते तुम्ही ठरवा. उरलेली दोन या वेळी परत जाणार नाहीत. तियाना म्हणते, ती घरातच ठेवून घेऊ, आणखी दोघांना लागतील. लाझार हे ऐकून मुकाट्याने रास्पबेरी तोडायला निघून गेला आहे.