कुलूप तपासायला किल्ली मागणारं मशीन

वडीगोद्री, ता. अंबड
१६ जून २००६

रा. रा. काकासाहेब यांस,

वडीगोद्रीहून दाजी सर्जेराव याचा मनापासून रामराम. आपल्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. रेणुकामातेच्या कृपेने पिंपळगावी सगळे खुशाल असावेत. नातवाचं बारसं थाटात झालं हे तुमचा गडी कारभारी याच्याकडून कळलं. (त्याच्याच हातून पाठवलेले पेढेही पोचले. पुडा वाटेत फोडलेला होता. मी पाहून ठेवलं आहे.) फोन असताना दाजींनी पत्र का लिहिलं, असं आपल्याला वाटेल. तर तुमचा फोन ओसरीत, आणि हल्ली तो आमचीच मंडळी उचलते. म्हणून पाकीट खळीने चिकटवून जोडावर सही केली आहे. सही मोडलेली दिसली तर कळवा. आणि हे वाचताना तुमची बहीण खोलीत असेल तर खताचे भाव वाचत असल्यासारखं तोंड ठेवा.

आपल्याला ठाऊक आहे की मी बियाण्याच्या दुकानात कॉम्प्युटर घेतला. घेतला म्हणजे जालन्याच्या मस्तगडातले आपले होलसेलर हीरालालजी यांनी तो माझ्या गळ्यात मारला, कारण त्यांचा पुतण्या बालकिशन तेच विकतो. मुलगा गोड बोलतो. (मला गोड बोलणाऱ्यांची धास्ती आहे. बोगस बियाणं विकणारा माणूस कधी कडू बोललेला तुम्ही पाहिलात का?) तर हा बालकिशन बिलाचं सॉफ्टवेअर घालायला आला आणि म्हणाला, आता नवीन पासवर्ड टाका, मशीन तो तपासून सांगेल पक्का आहे की कच्चा. मी तिथेच थांबलो. मी रोज दुकानाला कुलूप लावतो, ओढून पाहतो, नाक्यापर्यंत जाऊन परत येतो आणि पुन्हा ओढून पाहतो. कुलूप तपासायची रीत ही. पण कुलूप मजबूत आहे की नाही हे सांगण्यासाठी जो आधी किल्लीच हातात मागतो, त्याला आपण काय म्हणतो? मी हे बालकिशनला विचारलं. तो म्हणाला, "काकाजी, मशीन बघत न्हाई, फक्त तोलतं." मी म्हटलं, बाबा, माझी हयात काट्यासमोर गेली. काट्यावर टाकलेला माल काटेवाला बघतोच बघतो.

तरी भिडेखातर मी माझं स्वतःचं नाव इंग्रजीत टाकलं. पडद्यावर एक पट्टी आहे. ती जराशी लाल झाली आणि खाली काहीतरी इंग्रजी उमटलं. बालकिशनने वाचून दाखवलं, कमजोर. काकासाहेब, आमच्या आज्याने नवस फेडून ठेवलेलं हे नाव. या नावाने मी ग्रामपंचायतीला दोनदा उभा राहिलो. (पडलो ती गोष्ट वेगळी, ती मतपेटीची भानगड होती.) ते एका डबड्याने गिऱ्हाइकांसमोर कमजोर ठरवावं? मग दुकानाचं नाव टाकलं, तेही लाल. देवीचं नाव टाकलं, तर म्हणे हे फार लोक ठेवतात. फार लोक काय ठेवतात हे या मशीनला कुठून कळलं? म्हणजे हे सगळ्यांचं ऐकतं आणि मनात ठेवतं. आमच्या नाक्यावरच्या न्हाव्याचाही हाच धंदा आहे, पण तो निदान दाढी तरी करतो.

तेवढ्यात तुमची भगिनी गल्ल्यावरून उठली. पोरीच्या नादाने तिने अंबडला कॉम्प्युटरचा क्लास केला, तेव्हा मी हसलो होतो. मला म्हणाली, "सरका तुम्ही." सरकलो. मशीनमध्ये पासवर्डाची अक्षरं दिसत नाहीत, नुसत्या काळ्या टिकल्या उमटतात. हिने टिकल्यांची अशी रांग लावली की जत्रेतल्या कासारणीच्या पेटीत तेवढ्या नसतील. पट्टी लाल झाली, पिवळी झाली आणि पार कडेपर्यंत हिरवीगार झाली. बालकिशन ओरडला, "वाह काकीजी, एकदम मजबूत!" आणि काकासाहेब, ती हसली. गालातल्या गालात. माझ्याकडे बघून.

त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही. रोज सकाळी ती टिकल्या लावते आणि मला म्हणते तिकडं बघा. मी तिकडं बघतो. काय टाकतेस म्हणून विचारलं, तर म्हणते, तोंडानं न्हाई सांगता यायचं. बरं, कागदावर लिही म्हटलं, तर पासवर्ड कागदावर लिहू नये असं क्लासमध्ये सांगितलंय. आता तुम्हीच विचार करा. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याविषयी जे तोंडाने सांगता येत नाही, पण इंग्रजीत टाकता येतं, आणि जे टाकल्यावर ती हसते, ते काय असेल?

त्यात ती बारशाला तुमच्याकडे आली. जाताना मशीन चालूच ठेवून गेली, बंद करू नका म्हणाली. मी त्याला हातही लावला नाही. पण लोडशेडिंगला कोण सांगणार? वीज गेली, बॅटरीही गेली, आणि आता मशीन दारात अडवून पासवर्ड मागतं. इकडे कपाशीच्या लागवडीची घाई, सरकीच्या पिशव्यांसाठी झुंबड, आणि मी हाताने बिलं फाडून राह्यलो. तुमच्याकडे फोन लावला, तर हिनेच उचलला. पुन्हा तेच, तोंडानं न्हाई सांगता यायचं, मी आल्यावर टाकीन. आणि मागे चार बायका फिदीफिदी हसल्या. बारसं होऊन आठवडा लोटला तरी ती निघायचं नाव घेत नाही, हेही मी पाहून ठेवलं आहे.

मग मी स्वतःच अंदाज बांधायला बसलो. तुमच्या गावाचं नाव टाकलं, नाही. तुमचं नाव टाकलं, (माफ करा, पण तुमच्यावरच पहिला संशय होता) नाही. म्हशीचं नाव, नाही. मग मन घट्ट केलं आणि ज्याची भीती होती ते टाकायला घेतलं. कंजूस टाकलं. चिडका टाकलं. संशयी टाकलं. दर वेळी मशीन नाही म्हणालं की मला बरं वाटायचं, आणि लगेच वाटायचं, म्हणजे याहून वाईट आहे. स्वतःला घालण्याजोग्या शिव्या संपल्या तेव्हा मशीनच म्हणालं, आता थोड्या वेळाने या.

बिलं मी हाताने फाडीन, काकासाहेब, त्याचं काही नाही. पण तिच्या मनात माझ्याबद्दल काय आहे, हे एका डबड्याला माहीत आणि मला नाही, हे मला सहन होत नाही. तुम्ही तिचे थोरले भाऊ. गोडीगुलाबीने काढून घ्या आणि जसं असेल तसं कळवा. मन राखण्यासाठी काही गाळू नका.

वडीलधाऱ्यांस नमस्कार, बाळास आशीर्वाद.

आपला,
सर्जेराव

ता. क. खळ वाळत होती तेवढ्यात तुमच्याकडून उषावहिनींचा फोन आला. पाकीट पुन्हा फोडलं आहे, तेव्हा मोडलेली सही माझीच, वहीम घेऊ नये. वहिनी म्हणाल्या, "दाजी, वन्सं हितंच बसल्यात तोंडाला पदर लावून. नवऱ्याचं नाव दुकानाच्या कामासाठी फोनवर कसं घ्यावं म्हणून राह्यल्या. मंग मीच सांगते." आणि त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. आमच्या लग्नातला उखाणा निघाला. 'मोसंबीच्या बागेत पाण्याची पाळी, सर्जेरावांचं नाव घेते हळदीच्या वेळी.' पुढे लग्नाचं साल आणि शेवटी एक चांदणीची खूण. रोज सकाळी ती मला तिकडं बघायला लावून हे टाकत होती. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून थोडा वेळ आत बसलो.

ता. क. २. मशीन उघडलं. उघडल्यावर पासवर्ड बदलायच्या जागी जाऊन मी खातरजमा केली. नुसतं माझं नाव टाकलं तर अजूनही लाल. तिची ओळ जोडली की हिरवं. मशीन खोटं बोलत नसावं.

ता. क. ३. पण हा उखाणा मांडवात अख्ख्या पिंपळगावाने ऐकलेला आहे, आणि तुम्ही तर पुढेच उभे होता. तेव्हा पासवर्ड बदलणं भाग आहे. नवा उखाणा तिलाच करावा लागेल, आणि तो इथे येऊन. म्हणून मशीन उघडल्याचं तिला बिलकुल सांगू नका. वहिनींचं एखादं अक्षर चुकलं असेल, दाजी तसेच बसून आहेत, असं सांगा आणि हे पत्र मिळताच दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत बसवून द्या.